कोल्ड स्टोरेजच्या खिळ्यावरचा कोट

वस्तू एकदा बघितली की तिची किंमत सांगणं हा माझा हातखंडा आहे, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. समजायला कारणही होतं. विम्याचा सर्व्हेयर म्हणून मी आयुष्यभर दुसरं काहीच केलं नाही. हायवेवर उलटलेला टेम्पो असो, वाऱ्यानं उडालेलं शेडनेट असो की शॉर्टसर्किटनं जळालेलं झेरॉक्सचं मशीन असो, मी दोन्ही हात मागे बांधून त्याला एक प्रदक्षिणा घालायचो, ‘हं’ म्हणायचो आणि आकडा सांगायचो. त्या ‘हं’ला नाशिक जिल्ह्यात वजन होतं. मोठमोठे बागायतदार ते ऐकून पाणी प्यायचे. निवृत्तीनंतर मात्र परिस्थिती पालटली. आता मी घरात ‘हं’ म्हटलं तर माझी बायको संध्या विचारते, ‘घसा बसलाय का?’

तर सांगायचा मुद्दा, दुखावलेल्या माणसाच्या हाती काहीतरी लागावं लागतं, आणि माझ्या हाती तो कोट लागला.

पिंपळगाव बसवंतला माझ्या साडूचं, म्हणजे गोरक्षचं, कोल्ड स्टोरेज आहे. साडू या नात्यात दोन माणसं कायम एकमेकांचं मूल्यांकन करत असतात, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. गोरक्षकडे द्राक्षबाग, पॅकहाऊस, दोन टेम्पो आणि भलीमोठी गाडी. माझ्याकडे नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि ज्ञान. त्या ज्ञानावरच मी आजवर तोल सांभाळत आलोय. मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गोरक्ष म्हणाला, ‘चला भाऊसाहेब, नवीन कूलिंगची खोली दाखवतो.’ खोलीच्या दाराशी एका खिळ्यावर चामड्याचा जुना तपकिरी कोट लटकत होता. आत थंडी कडाक्याची, म्हणून जो आत जाईल त्यानं तो चढवायचा आणि बाहेर आलं की परत टांगायचा, अशी तिथली पद्धत. मजूर, ड्रायव्हर, एक्स्पोर्टचे तपासनीस, बँकेचे साहेब, सगळ्यांनी तो घातलेला.

मी घातला आणि थबकलो. कोट कमरेपर्यंतच आखूड, पण असा काही अंगावर बसला की माझी पाठ आपोआप सरळ झाली. संध्या गेली कित्येक वर्षं जे सांगून थकली, ते त्या कोटानं एका क्षणात करून दाखवलं. खांद्यांवर पट्ट्या, कॉलरला बटणं, आणि मानेखाली आतून शिवलेलं एक जुनाट लेबल. त्यावर इंग्रजीत काहीतरी नंबर.

‘हं,’ मी म्हणालो.

‘आजोबांचा हाय,’ गोरक्ष म्हणाला. ‘लढाईच्या टायमाला एका गोऱ्यानं दिला म्हणतात.’

त्याची मुलगी सायली तिथंच मोबाइलवर होती. तिनं लेबलचा फोटो काढला आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्या कुठल्याशा परदेशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. आम्ही चहा घेईपर्यंत उत्तरं यायला लागली. सायली वाचता वाचता उभी राहिली. ‘काका, हे अमेरिकन वैमानिकाचं जॅकेट आहे म्हणतायत. दुसऱ्या महायुद्धातलं. घोड्याच्या कातड्याचं. खरं निघालं तर...’ आणि तिनं आकडा सांगितला. गोरक्षचा कप बशीवर वाजला. मी मात्र चेहरा हलू दिला नाही, कारण तोच माझ्या धंद्यातला पहिला धडा. आतून मात्र मी पार हबकलो होतो. आयुष्यभर जळके टेम्पो मोजणाऱ्या माणसाच्या अंगावर आकाशातून उतरलेला कोट होता, आणि त्याला द्राक्षाच्या पेट्यांतल्या गंधकाचा वास येत होता.

‘आणि सगळे एकच लिहितायत काका,’ सायली म्हणाली, ‘की त्याला हात लावू नका. आहे तसाच जाणकाराला दाखवा.’

‘जाणकार इथं बसलाय,’ मी म्हणालो. हे वाक्य नंतर मला बरंच महागात पडलं.

आजोबांमागे कोट गोरक्षच्या वडिलांकडे, केरूअण्णांकडे, आला होता. नव्वदी ओलांडलेला माणूस, पण हंगामात रोज पॅकहाऊसच्या ओट्यावर येऊन बसणार आणि दिवस मावळायला लागला की खिळ्यावरचा कोट मागून घेणार. मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि कोट काही दिवस नाशिकला नेण्याची परवानगी मागितली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

‘कशापायी?’

‘किंमत काढायला, अण्णा.’

‘काढा बापडे. तुमचा धंदाच हाय त्यो. पन पाव्हणं, आतलं काय काढायचं नाय, बाहेरचं काय घालायचं नाय. जसा नेला तसा आना. माज्या बापाचा हाय.’

‘जसाच्या तसा आणतो,’ मी छातीवर हात ठेवून म्हणालो. सगळ्या पॅकहाऊसनं ऐकलं. गोरक्षनंही ऐकलं.

नाशिक रोडला आमच्या सोसायटीत कुठलीही वस्तू जिन्यातून वर गेली की तिची बातमी तिच्याआधी वर पोचते. मी कोट हँगरला अडकवतो न अडकवतो तोच वरच्या मजल्यावरचे जयराम भालेराव हजर. रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले, आणि आयुष्यात एकही पार्सल न उघडता त्यात काय आहे ते ओळखलेले. त्यांनी कोटाला बोट लावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘ही सैन्याची मालमत्ता. घरात ठेवायला चालते?’

मला हे सुचलंच नव्हतं. आयुष्यभर लोकांना कागद मागितले मी, आणि माझ्याकडेच कागद नाही! दुसऱ्या दिवशी मी एका सरकारी कार्यालयात निघालो. कोट स्कूटरच्या डिकीत ठेवण्याची हिंमत होईना, हातात धरून स्कूटर चालवता येईना, म्हणून अंगात घातला. मार्चची दुपार. सिग्नलला थांबलो तर वाहतूक पोलिसानं आपुलकीनं विचारलं, ‘शूटिंग कुठं चालूय बाबा?’ मागच्या रिक्षातल्या मुलींनी माझा फोटो काढला. घोड्याच्या कातड्यात माणूस कसा शिजतो ते मला द्वारका चौकात कळलं.

कार्यालयातल्या कारकुनानं मला वरून खाली बघितलं.

‘खरेदीची पावती?’

‘भेट मिळालेला आहे. फार वर्षांपूर्वी.’

‘मग देणाऱ्याचं संमतीपत्र आणा.’

‘देणारा बहुतेक अमेरिकन वैमानिक होता.’

‘चालेल की. आधार कार्डाची झेरॉक्स आणि त्यांची सही.’

‘अहो, ते आता हयात असणं कठीण आहे.’

‘मग वारसांचा दाखला,’ कारकून म्हणाला आणि मोठ्या समजुतीनं पुढे झुकला. ‘काका, एक सांगू? तुम्ही आमच्याकडे आलाच नाही असं समजा. कोट छान दिसतोय. घाला.’

मी घामानं निथळत घरी आलो. आता आमच्या घरात फार मोठं काम सुरू होणार होतं, आणि त्याची सुरुवात मीच सकाळी करून ठेवली होती.

इथं मला आमच्या मुलखाची एक रीत सांगितली पाहिजे. द्राक्षाचा घड आम्ही कधी जसा तोडला तसा पेटीत भरत नाही. आधी तो उजेडात धरायचा, डागाळलेले मणी बारीक कात्रीनं काढायचे, वेडेवाकडे काढायचे, देठ साफ करायचा, आणि मग तो पेटीत निजवायचा. माल बघणाऱ्याच्या डोळ्यात भरला पाहिजे, ही गोष्ट आमच्याकडे आईच्या दुधातून मिळते. त्यामुळे सकाळी मी देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त हवाई अधिकाऱ्यांची, म्हणजे विंग कमांडर बेहराम वाच्छांची, भेटीची वेळ फोनवरून घेतली, तेव्हा संध्यानं विचारलं, ‘मोठ्या माणसाला दाखवायचाय, तर असा कळकट न्यायचा?’ आणि मी म्हणालो, ‘वरवर काय ते व्यवस्थित कर. एक्स्पोर्ट क्वालिटी दिसला पाहिजे.’

मी कार्यालयातून आलो, कोट काढून तिच्या हाती दिला आणि आंघोळ करून जो आडवा झालो तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उठलो. ती माझ्या आयुष्यातली सर्वात महागडी झोप होती.

खालच्या मजल्यावरच्या लताबाई आल्या. घोड्याचं कातडं म्हटल्यावर त्या आधी दचकल्या, मग घोड्याची नाल शुभ असते तर सगळा घोडा किती शुभ असेल, असा विचार करून त्यांनी कोटाला नमस्कार केला आणि खिशांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. जयरामरावांनी चामड्याला जोड्याचं काळं पॉलिश सुचवलं, सुचवून न थांबता स्वतःची डबी आणली आणि रेल्वेच्या शिस्तीत ब्रश मारला. मनगटाशी आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी होती, ती कुरतडल्यासारखी झालेली. संध्याचा विणकामात हात धरणारा सोसायटीत कोणी नाही, तिनं ती उसवून मरून लोकरीची नवी घातली. पुढची चेन अडकत होती, म्हणून कोट बिटको चौकात भिकन चांभाराकडे गेला आणि नवी चकचकीत चेन लावून आला. आतल्या बाजूला कोल्ड स्टोरेजच्या मजुरांनी टॉर्च ठेवायला गोणपाटाचा खिसा ठोकला होता. संध्यानं तो काढला. त्याच्याखाली आणखी एक मळकं फडकं शिवलेलं निघालं, शाई सांडल्यासारखं दिसणारं. तेही तिनं काढलं. अस्तरही कुठं कुठं रफू केलं.

मी उठून बघितलं आणि भारावून गेलो. खरं सांगतो, तो कोट काळाभोर चमकत होता. मी त्याला एक प्रदक्षिणा घातली. ‘हं,’ मी म्हणालो, आणि या वेळी संध्यानं घसा विचारला नाही.

दोन दिवसांनी, ठरल्या वेळी, मी देवळाली कॅम्पात गेलो. विंग कमांडर वाच्छांच्या बंगल्यात सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांनी आधी कुत्र्याला बाहेर काढलं, मग साबणानं हात धुतले, मग टेबलावर पांढरी चादर अंथरली. ऐंशीच्या पुढचा उंच माणूस, पण कोटाच्या पिशवीपुढे असा उभा राहिला की मलाही उभं राहावं लागलं. मी पिशवी उघडली. त्यांनी कोट चादरीवर पसरला.

‘ही चेन कुठला?’ त्यांनी विचारलं.

‘नवीन आहे. गॅरंटीची.’

‘आणि हा लाल लोकर?’

‘मिसेसनी स्वतः विणलीय,’ मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी चामड्यावर बोट फिरवून ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. ‘बूटपॉलिश,’ ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात जितकं दुःख होतं तितकं मी जळक्या फॅक्टऱ्यांच्या मालकांच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. ‘मिस्टर, ह्याच्यावरचा एकेक ओरखडा विमानातून आलेला. तुमी सगळा पुसून टाकला? पेशंटला मारून मग डॉक्टरकडे आणला की तुमी!’

मी खुर्चीत बसलो. माझी पाठ पुन्हा वाकली.

पण त्यांनी कोट सोडला नाही. लेबल भिंगातून वाचलं, त्यावरच्या नंबरवरून तो खरा आहे आणि कुठल्या वर्षीचा आहे ते सांगितलं. खरा, अगदी शंभर टक्के खरा. पाठीचं कातडं एकाच तुकड्याचं आहे, नक्कल करणारे इथंच कातडं वाचवतात, हे दाखवलं. कोपराशी कातडं कसं झिजलंय ते दाखवून म्हणाले, ‘हा माणूस उजवा कोपर काचेला टेकून बसायचा. बरेच तास उडवलाय त्यानं.’ मी इतकी वर्षं वस्तू बघितल्या, पण वस्तूतला माणूस कधी बघितला नव्हता. मग त्यांनी कोट उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. अस्तरावर एक चौकोन होता. आजूबाजूचं कापड विटलेलं, आणि तेवढाच चौकोन नवा. त्याच्या कडेनं सुईची बारीक भोकं.

‘इथे काय होता?’ त्यांचा आवाज बदलला होता.

‘गोणपाटाचा खिसा होता...’

‘गोणपाटाच्या खाली?’

‘एक फडकं होतं म्हणे. डागाळलेलं. काढलं आम्ही.’

विंग कमांडर हळूच खाली बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ब्रह्मदेशाच्या बाजूला उडणाऱ्या वैमानिकांच्या कोटात आतून रेशमी कापड शिवलेलं असायचं. त्यावर झेंडा, आणि खाली तिकडच्या बऱ्याच भाषांमध्ये एकच मजकूर. विमान पडलं, माणूस जिवंत राहिला, तर ज्या गावात जाईल तिथं कोट उघडून ते कापड दाखवायचं. मी शत्रू नाही, मला वाचवा, एवढीच विनवणी. आम्ही ज्याला शाईचे डाग समजलो, ती एका माणसाच्या जिवाची भीक होती, आणि आमच्या घरात ती कात्रीनं कापली गेली होती.

‘कापड आणा,’ ते म्हणाले. ‘बाकी सगळा माफ. कापड आणा.’

मी स्कूटर कशी चालवली ते मला माहीत नाही. आधी भिकनकडे गेलो; त्याच्या डब्यात जुनी चेन होती, ती त्यानं मुकाट्यानं दिली. लोकरीची जुनी पट्टी कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती. आणि फडकं? संध्या कपाळाला हात लावून बसली. चिंध्या-तुकडे आमच्याकडे टाकत नाहीत. कामाला येणाऱ्या फुलाबाई त्या गोधडीसाठी नेतात.

फुलाबाईंच्या घरी गेलो तर त्या दारातच बसून गोधडी शिवत होत्या. संध्याच्या जुन्या साड्या, माझा ऑफिसचा शर्ट, आणि बरोबर मधोमध ते रेशमी कापड. त्याच्यावरून धावदोऱ्याच्या बारीक, सरळ ओळी गेलेल्या. एका कोपऱ्यात झेंड्याचा फिका लाल रंग, आणि ओळींच्या मधून ओळखू येणारी देवनागरी अक्षरं. मी उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसलो.

‘काय झालं साहेब? चक्कर आली का?’ फुलाबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि गोधडी स्वतःकडे ओढून घेतली. ‘माज्या लेकीला बाळ झालंय. पंधरवड्यात बारसं हाय. गोधडी तिची हाय, साहेब. कापड तुमचं असंल, पन टाके माझे हायेत.’

विंग कमांडरना फोन केला तर ते ओरडलेच, ‘उसवायचा नाही! रेशीम फाटून जाणार. गोधडी आहे तसा ठेवा, मी येतो.’ आणि मग त्यांनीच ठरवलं की आता जे काही व्हायचं ते मालकासमोर झालं पाहिजे.

म्हणून दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलेली आमची भाड्याची गाडी अशी होती: पुढे विंग कमांडर, मांडीवर कोट, मागे संध्या, तिच्या शेजारी गोधडी छातीशी धरून, नजरेआड न होऊ देणाऱ्या फुलाबाई, आणि स्टिअरिंगवर मी, खिशात जुनी चेन. द्राक्षाचा घड साफ करायला मी कात्री लावली होती, आणि घडच राहिला नव्हता. ‘जसाच्या तसा आणतो’ हे माझं वाक्य ओझरपासून माझ्या कानात वाजत होतं.

केरूअण्णा ओट्यावर बसले होते. गोरक्ष, सायली, पॅकहाऊसच्या बायका, सगळे जमले. मी कोट अण्णांच्या पुढे ठेवला. काळा, चकचकीत, मरून पट्टीचा. त्यांनी तो ओळखलाच नाही.

‘माझा कोट कुठंय, पाव्हणं?’

यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पॉलिश, चेन, लोकर, सगळं. गोरक्षचे डोळे बारीक होत गेले, आणि साडूच्या डोळ्यांत आपली किंमत कमी होताना बघणं काय असतं ते मी अनुभवलं. शेवटी मी म्हणालो, ‘अण्णा, आतलं कापडही काढलं. ते या गोधडीत शिवलं गेलंय.’

अण्णांनी हात पुढे केला. फुलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि गोधडी त्यांच्या मांडीवर पसरली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काय दिसणार? पण त्यांनी त्या रेशमावर बोट ठेवलं आणि टाक्यांवरून बोट सरकवत, शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं म्हणायला लागले:

‘मित्र, मैं रास्ता भूल गया हूँ. मैं तुम्हारा दुश्मन नहीं. मुझे रोटी दो, पानी दो. मुझे छावनी पहुँचा दो. सरकार तुमको इनाम देगी.’

विंग कमांडर पुढे झुकले. ‘तुमाला दिसते?’

‘दिसत कुठं काय. पाठ हाय. म्या अक्षरंच याच्यावर शिकलो. साळंत मास्तर जे अक्षर गिरवून देई, ते घरी येऊन मी कोटाच्या आत हुडकायचो. आमच्या घरात दुसरं लिव्हलेलं काय व्हतंच नाय.’

‘पण अण्णा,’ गोरक्ष म्हणाला, ‘हे तुम्ही कधी सांगितलं नाय!’

‘तू इचारलं कधी? गोणपाट ठोकला वरून.’

मग त्यांनी सांगितलं. थंडीच्या दिवसांत विमान बाजरीच्या रानात उतरलं. गोरा पोरगा लंगडत वस्तीवर आला. अण्णा तेव्हा एवढेसे, आईच्या मागं लपलेले. त्या पोरानं कोट उघडला आणि आतलं कापड दाखवलं. अण्णांच्या बापानं, भिकानं, ते बघितलं. शेजाऱ्यानं बघितलं. साऱ्या वस्तीनं आळीपाळीनं बघितलं. वाचता एकालाही येत नव्हतं.

‘मग?’ विंग कमांडरनी विचारलं.

‘मग काय? त्यो पुन्नापुन्ना कापड दाखवी, आन आय त्याला भाकर वाढी. त्यो आनखी दाखवी, ती आनखी वाढी. ठेचा लागून डोळ्यांतून पानी आलं त्याच्या. मग बापानं बैलगाडी जुपली आन रातभर चालून देवळालीच्या छावणीत नेऊन घातला. बापाच्या अंगावर निस्तं धोतर. त्या पोरानं उतरताना कोट काढला, आन बापाच्या अंगावर घातला.’

‘पणजोबांना कळलं का पुढे, कापडावर काय लिहिलं होतं?’ सायलीनं विचारलं.

‘मला वाचाया आलं तवा मीच वाचून दावलं. हसला माझा बाप. म्हनला, असं म्हनत व्हता व्हय त्यो! म्या म्हनलं, बा, तुला काय लिव्हलंय ते कळलं नव्हतं, तरी तू नेला त्याला? तर म्हनला, वाचता येत नाय म्हून काय उपाशी ठिवायचा मानसाला?’

मला रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच एका वस्तूपुढे उभा होतो आणि माझ्या तोंडून ‘हं’ निघत नव्हतं.

‘नाव काय होता त्याचा?’ विंग कमांडरनी हळू आवाजात विचारलं.

‘ठाव नाय. आय त्याला लेकरू म्हनायची.’

शेवटी गोरक्षनंच घसा खाकरून किंमत विचारली. व्यवहार कोणालातरी बघायलाच हवा होता. विंग कमांडर म्हणाले, कोट होता तसा असता तर नाशिक रोडला एक फ्लॅट आला असता. आता या पॉलिशनंतर एखादी स्कूटर. पण ते रेशीम जाणकाराकडून अलगद सोडवून घेतलं, तर अजूनही चांगली मोटार येईल. सगळ्यांचे डोळे गोधडीकडे वळले. फुलाबाई म्हणाल्या, ‘बाबा, तुमच्या बापाचं हाय. घ्या. मी दुसरी शिवीन.’

अण्णांनी विचारलं, ‘कोनासाठी शिवली व्हती बाई?’

‘नातू हाय. अजून नाव ठेवलं नाय.’

अण्णा गोधडीवरून हात फिरवत राहिले. ‘मग ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. वाचाया शिकंल.’

गोरक्ष उठून बाहेर गेला. मी त्याला दोष देत नाही. मोटार जाताना माणसाला थोडी मोकळी हवा लागतेच. विंग कमांडर वाच्छांनी मात्र कोट उचलला आणि अण्णांच्या खांद्यांवर घातला. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला जयरामरावांचं काळं पॉलिश लागलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पाव्हणं, कोट आनला ना परत? झालं तर. बसा आता, जेवून जा.’

आत पानं वाढली गेली. आम्ही हात धुऊन बसलो तरी अण्णा आणि फुलाबाई ओट्यावरून उठेनात. फुलाबाईंना वाचता येत नाही, मग नातवाला पहिली ओळ कोण सांगणार, असा अण्णांना प्रश्न पडला होता. म्हणून ते एकेक शब्द म्हणत होते आणि गोधडीवर बोट ठेवून फुलाबाई त्यांच्या मागून म्हणत होत्या, ‘मित्र... मैं... रास्ता...’ भाकरी निवत होती, आणि त्यांना हाक मारायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच होईना.